अख्खा कागद

आमची वहिनी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला मध्येच अडवणार नाही. माझ्या थोरल्या भावाची ही बायको. लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होते आणि तेव्हापासून आमची दोघींची जुंपते. एरवी मला ‘अगं’ म्हणते. रागावली की ‘वन्सं’ म्हणते आणि अहो-जाहो करते. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. आमचे आवाज चढले की तो डोळ्याला भिंग लावतो आणि मग त्याला काही ऐकू येत नाही. भिंग डोळ्याला लावून कानाने बहिरं होणं हे त्याचं त्यालाच जमतं.

वहिनी नाटकाचे पडदे रंगवायची. पडदा जमिनीवर अंथरायचा, लांब दांड्याचा ब्रश घ्यायचा आणि चालत चालत रंगवत जायचं. राजवाडा, जंगल, समुद्रकिनारा, काय म्हणाल ते. दुरून पाहिलं तर घनदाट जंगल, जवळ गेलं तर नुसते हिरवे फराटे. पुढे नाटकवाल्यांनी छापील पडदे आणले, दिव्यांचे खेळ सुरू केले आणि वहिनीचा कारखाना बंद पडला. घरी बसल्यावर तिने आमच्या स्वयंपाकघराचं दार दोनदा रंगवलं. तिसऱ्यांदा डबा उघडला तेव्हा भाऊ भिंग काढून म्हणाला, “हिला बाहेर कुठेतरी काम बघा रे बाबा.”

काम मिळालं ते बिनपगारी. आमच्या रस्त्याच्या टोकाला जुन्या पोस्टाची इमारत आहे. पोस्ट केव्हाच दुसरीकडे गेलं. मागची पार्सलांची खोली रिकामी पडली होती. लांबलचक खोली, एका बाजूला पितळी कडांचं काउंटर, आणि दाराला पायऱ्यांऐवजी उतार. हातगाड्या चढवायला केलेला. वहिनीने तो उतार बघितला आणि म्हणाली, “चाकांची खुर्ची इथून सरळ आत येईल.” तेवढ्यावर तिचं ठरलं. दर रविवारी सकाळी मुलांचा चित्रांचा वर्ग, फुकट. दारावरचा बोर्ड तिनेच रंगवला: ‘कोणीही यावं.’ खाली वेळ. मी म्हटलं, “अगं, वयाचं काहीतरी लिही, एखादी अट घाल.” म्हणाली, “कोणीही म्हणजे कोणीही. त्यात अट कसली घालू?”

ब्रश धुवायचं काम माझ्याकडे. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण रंग वाळायच्या आत ब्रश धुवायला एक माणूस लागतो आणि तो वहिनीने घरातूनच उचलला.

सुरुवातीला प्रत्येकाला वेगळा कागद मिळायचा. मुलं सगळ्या तऱ्हेची यायची. अजिबात न दिसणारी एक मुलगी होती, तिच्या रंगात वहिनी लाकडाचा भुसा कालवायची, म्हणजे तिला बोटांनी चित्र कळायचं. खुर्चीतली जुळी भावंडं होती, अतिशय भांडखोर. बंगल्यातली मुलं होती, एका खोलीत सहाजण राहणाऱ्यांची होती. मुलांचं काही अडत नव्हतं, घोडं अडलं ते आईबापांपाशी. वर्ग संपायच्या वेळी सगळे आत घुसायचे आणि आपल्या मुलाच्या आधी दुसऱ्यांचे कागद बघायचे. “बघ, त्याचं घर कसं सरळ आलंय!” एका रविवारी, हात थरथरणाऱ्या एका मुलाच्या बापाने त्याचं चित्र घाईघाईने घडी घालून खिशात कोंबलं, कुणी बघायच्या आत. मुलाने ते पाहिलं. वहिनीनेही पाहिलं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही, आणि न जेवलेली वहिनी म्हणजे घरात सगळ्यांनी जपून वागायचं.

पुढच्या रविवारी तिने छापखान्यातून उरलेल्या कागदाचा रोल उचलून आणला आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरला. आता एकच कागद, सगळ्यांचा. आणि वर्ग संपला की तो कापायचा. पडद्यांची तिची लांब कात्री होती, ती घेऊन वहिनी सुटायची. कुठून कापायचं याचा काही विचार नाही, घराचं छप्पर एका तुकड्यात तर दार दुसऱ्यात. सगळ्या तुकड्यांचा ढीग करायचा, मुलांनी डोळे मिटून एकेक उचलायचा आणि घरी न्यायचा. आपलंच चित्र मिळालं तर चुकून. आईबापांना आता कुणाचं कुणाशी ताडून बघताच येईना. बिचारे घरी जाऊन कुणा परक्याच्या मुलाचं अर्धं झाड भिंतीला लावायचे.

मुलं त्या ढिगाशी इतका कल्ला करायची की काउंटरवरचे डबे थरथरायचे. वहिनीला तर काय करू अन् काय नको असं व्हायचं. “पडद्यावर रंगाऱ्याचं नाव बघितलंस कधी?” ती मला विचारायची. “राजवाडा सगळ्यांचा असतो.” दुसऱ्या वस्त्यांतले लोक हा प्रकार बघायला यायला लागले. भाऊसुद्धा एकदा येऊन दाराशी उभा राहून गेला. खरं सांगते, त्या कापण्याचा मलाही फार अभिमान होता.

मग लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं, खांद्याला हत्यारांची पिशवी. बरोबर त्याची मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, पण उंचीने बापाच्या वर गेलेली. तिला ऐकू सगळं येतं, बोलत मात्र नाही. कुणी अचानक हात लावला तर किंचाळते. दाराशी थांबून लिफ्टवाल्याने बोर्ड दोनदा वाचला.

“बाई, हे खरंच कोणीही का?”

“वाचता येतं ना तुम्हाला?” वहिनी म्हणाली. “या की आत.”

“मी बाहेरच बसतो. मी आत दिसलो की ती माझा हात धरून घरी चालायला लागते.”

आणि तो उतारावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. थोड्या वेळाने मी घाण पाणी ओतायला बाहेर गेले तर बसल्या बसल्या झोपला होता. पुढे एकदा मला म्हणाला, “ताई, आठवड्यातला हा एवढाच वेळ आहे, जेव्हा तिला घेऊन जा असं मला कुणी म्हणत नाही.” शाळांनी तिला घेतलं होतं आणि परत दिलं होतं, एकीने नाही, तीन शाळांनी. बायको नव्हती. ती का नव्हती हे मी विचारलं नाही. मी भोचक आहे, पण इतकी नाही.

आत काय चाललं होतं ते सांगते. मुलीने सगळे रंग सोडून काळा घेतला आणि एकच ब्रश. दाराजवळ, कागदाच्या अगदी काठावर ब्रश टेकवला आणि रेघ ओढायला सुरुवात केली. एकच रेघ. ती सरळ नव्हती. कुणाचं झाड आलं की रेघ त्याला वळसा घालायची, कुणाची मांजर आली की तिच्या शेपटीखालून जायची. कुणाच्या चित्राला तिने काळा ठिपकासुद्धा लागू दिला नाही. मध्ये कुणाचे पाय आले तर ती ब्रश न उचलता उभी राहायची, मग मुलं खिदळत पाय वर घ्यायची आणि रेघ पुढे जायची. जुळ्यांनी आपल्या खुर्च्या मागे सरकवल्या, आणि त्यांनी भांडण न करता केलेली ही पहिली गोष्ट होती. असं करत करत ती पलीकडच्या भिंतीशी पोचली. काठावर रेघ संपली तेव्हा तिने ब्रश उचलला आणि मोठा श्वास सोडला. मुलांनी त्याच दिवशी तिचं नाव उंच ताई ठेवलं.

मग वहिनीने कात्री काढली आणि उंच ताईने दोन्ही हात कानांवर दाबले.

आम्हाला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. जुनी जाडजूड कात्री, कर्रकर्र वाजायची. पुढच्या रविवारी वहिनीने घरून कापूस नेला आणि लिफ्टवाल्याला तिच्या कानात घालायला लावला. तरी ती ताठ उभी, डोळे घट्ट मिटलेले. मग वहिनीने आवाज न करणारी नवी कात्री आणली. मला केवढ्या कौतुकाने दाखवली, “बघ, लोण्यातून जावी तशी जाते.” उंच ताई त्या कात्रीकडे बघून थरथर कापत होती.

काही रविवार असे गेले. दर वेळी एक रेघ, दर वेळी या काठापासून त्या काठापर्यंत. मग तिने दुसऱ्यांचे तुकडे ओढायला सुरुवात केली. मुलं ढिगातून तुकडा उचलायची आणि ती मागून येऊन धरायची. एखाददुसरा तिला मिळायचाही, कारण तिच्या उंचीपुढे कोण टिकणार? आम्ही तिला समजावलं, “असं ओढू नये, मागून घ्यावं.” न बोलणाऱ्या मुलीला आम्ही मागायला शिकवत होतो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा होता, पोपट. हे नावही मुलांनीच ठेवलेलं, कारण त्याच्या तोंडाचा पट्टा वर्ग उघडल्यापासून चालू व्हायचा तो बंदच व्हायचा नाही. लहानखुरा, चष्मा लावणारा. त्या रविवारी त्याला एक मोठा तुकडा मिळाला आणि तो हातात नाचवत पळाला. उंच ताईने धरला. तो सोडेना, ती सोडेना. शेवटी कागद त्याच्या हातात राहिला आणि तो उलटा फेकला गेला तो काउंटरच्या पितळी कडेवर. चष्मा फुटला. भुवई फाटली. इतक्याशा चेहऱ्यातून इतकं रक्त येतं हे मला माहीत नव्हतं. उंच ताई किंचाळायला लागली, तिचं बघून बाकीची मुलं, आणि उतारावरून लिफ्टवाला झोपेतून उठून आत धावला. त्याला दिसलं ते एवढंच, की सगळे त्याच्या मुलीकडे बघतायत.

टाके पडले. डोळा वाचला.

दोन दिवसांनी आईबाप त्या खोलीत जमले. मी मनातल्या मनात भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते, पण डॉक्टरीणबाईंनी माझी पंचाईत केली. त्या आवाज न चढवता बोलल्या.

“मला तिचा राग नाही. तिला कळत नाही, हे मला कळतं. पण पुढच्या रविवारी मी माझ्या मुलाला इथे कुठल्या धीराने पाठवू, तेवढं सांगा.”

वहिनी म्हणाली, “बोर्डावर कोणीही असं लिहिलंय. तिला नको म्हटलं तर बोर्ड खोटा होतो.”

मागून एक गृहस्थ म्हणाले, “आणि आमची पोरं? ती ‘कोणीही’मध्ये येत नाहीत का?”

न दिसणाऱ्या मुलीची आई हळूच म्हणाली, “माझ्या मुलीला तर कोण अंगावर येतंय ते दिसणारही नाही हो.” ती काही वाईट बाई नाही. घाबरली होती. सगळेच घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसांशी भांडता येत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं. शेवटी असं ठरलं की उंच ताईला वेगळा वार द्यायचा. दर गुरुवारी, एकटीला, वहिनी शिकवेल. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणाला नाही म्हटलं नव्हतं, असं प्रत्येकाला वाटत घरी जाता आलं.

लिफ्टवाल्याला सांगायचं काम वहिनीने स्वतःकडे घेतलं. मी जवळ उभी होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला.

“एकटी तर ती घरीही असते, बाई,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि गेला.

गुरुवारी वहिनी कागद अंथरून, काळा रंग कालवून बसली. कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. रविवारी वर्ग भरत होता, पण मुलं “उंच ताई कुठाय?” विचारायची आणि आईबाप त्यांना गप्प करायचे. पोपटही येत नव्हता. घरी वहिनीच्या नाकावर राग. भाजी जळाली तर म्हणायची, “वन्सं, तुम्ही बोलत होतात ना!” मी त्या वेळी घरातही नव्हते. एकदा संध्याकाळी मी बघितलं तर ती वर्गाच्या बंद दाराशी बोर्डाखाली उभी होती, हातात पांढऱ्या रंगाचा डबा. ‘कोणीही’ हा शब्द पुसायला गेली होती की काय, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. डबा न उघडताच परत आली.

“चल,” दुसऱ्या दिवशी म्हणाली. “त्यांच्या घरी जाऊ.”

लिफ्टवाल्याचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढता चढता मी यावर दोन विनोद केले. वहिनी हसली नाही. लिफ्टवाल्याने दार उघडलं, आम्हाला बघून बाजूला झाला. उंच ताई आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

समोरच्या भिंतीकडे बघून वहिनी थांबली. मी तिच्या पाठीवर आदळले.

अख्ख्या भिंतीवर कागदाचे तुकडे लावलेले होते, वायरीला गुंडाळायच्या चिकटपट्टीने, मागच्या बाजूने, अगदी व्यवस्थित. ओळीने लावले होते. पण एकेका ओळीत फार तर दोन-तीन तुकडे, आणि त्यांच्या मध्ये मोकळी भिंत. कुठे अर्धं झाड, कुठे मांजरीची शेपटी, आणि प्रत्येक तुकड्यावर काळ्या रेघेचा थोडासा भाग. एका तुकड्यात रेघ काठाशी येऊन तुटायची. मग रिकामी जागा. मग पलीकडच्या तुकड्यात, बरोबर त्याच उंचीवर, पुन्हा सुरू व्हायची. सगळ्यात खालची ओळ पूर्ण रिकामी होती. तिथे फक्त दोन टोकांना चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून ठेवलेले होते.

“एक ओळ म्हणजे एक रविवार,” लिफ्टवाला म्हणाला. “मधल्या जागेत काही लावू देत नाही. मी कॅलेंडर लावलं होतं, तिने काढून ठेवलं. तिला वाटतं, बाकीचे तुकडे कुणीतरी आणून देईल.”

वहिनी खाली बसली. खुर्ची शेजारीच होती, तिला दिसली नाही, जमिनीवरच बसली.

“मी तिच्या कानात कापूस घातला,” ती म्हणाली. “अगं, मी कापत होते, आणि वर तिच्या कानात कापूस घालत होते.”

तुकडे ओढणारी मुलगी म्हणून आम्ही तिला वर्गातून काढली होती, आणि ती बिचारी तिची रेघ गोळा करत होती. आणि कापायची ती पद्धत काही वाईट बुद्धीने काढलेली नव्हती हो. एका मुलाचा बाप त्याचं चित्र खिशात कोंबतो म्हणून काढलेली होती. इतक्या जणांना आत घेणाऱ्या त्या कात्रीने हिला मात्र दर रविवारी बाहेर ठेवलं होतं, आणि एकाही रविवारी ते आमच्या डोक्यात आलं नाही.

वहिनी त्यानंतर मुलांच्या घरोघर गेली. मीही गेले, नाहीतर तिने मला ‘वन्सं’ म्हणून म्हणून मारलं असतं. “ते कागदाचे तुकडे आहेत का हो?” कपाळाला हात लावायची पाळी आली. कुणी फडताळात खाली घातले होते, कुणी त्यात बूट गुंडाळले होते, बहुतेकांनी टाकून दिले होते. आणि का टाकू नयेत? परक्याच्या मुलाचं अर्धं झाड कोण जपून ठेवणार? थोडेसे मिळाले. त्यातल्या निम्म्यांवर रेघच नव्हती.

डॉक्टरीणबाईंकडे जायला वहिनीचे पाय अडखळत होते. दार पोपटानेच उघडलं. भुवईवर गुलाबी वण, नवा चष्मा. काय हवंय ते ऐकल्याबरोबर आत पळाला आणि पलंगाखालून एक खोकं ओढत घेऊन आला. त्याने सगळे तुकडे ठेवले होते. सगळ्यात वर तो मोठा तुकडा, कोपऱ्यावर तपकिरी डाग पडलेला, आणि मधून काळी रेघ गेलेली.

“हा पण ताईचाच,” तो म्हणाला. “ती आता येणारे का? मी येऊ का मग?”

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी खोकं आमच्या हातात दिलं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि वहिनीला म्हणाल्या, “अजून नाही. मला थोडा वेळ द्या.” त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

त्या रविवारी वहिनीने कागद कापला नाही. मुलं ढिगाची वाट बघत बसली. “मग आज घरी काय न्यायचं?” जुळ्यांनी विचारलं, दोघांनी एकदम. वहिनी म्हणाली, “आज काही नाही.” रडारड झाली. आईबाप आत आले आणि सवयीने वाकून बघायला लागले, आपल्या मुलाचं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं. जे बंद करण्यासाठी इतकी वर्षं कात्री चालवली ते पुन्हा डोळ्यांदेखत सुरू झालं. वहिनीने बघितलं, ओठ आवळले आणि कागदाची गुंडाळी करायला लागली.

ती गुंडाळी आम्ही दोघींनी रस्त्यातून नेली, एक टोक तिच्या खांद्यावर, एक माझ्या. आणि सगळा जिना चढवली. वरच्या मजल्यावर दारांसमोरून जाणारा लांब पॅसेज आहे, तिथे अंथरली. शेजारपाजारचे दारातून डोकावले, चपला उचलून घेतल्या. वहिनीने जमवलेले तुकडे उंबऱ्यावर ठेवले आणि मागे सरकली.

बऱ्याच वेळाने उंच ताई आली. आधी तुकडे घेतले, एकेक करून बघितले. ज्यांच्यावर रेघ नव्हती ते परत उंबऱ्यावर ठेवले. बाकीचे घेऊन आत गेली. डाग पडलेला तुकडा तिने खालच्या रिकाम्या ओळीत लावला, हे मला दारातून दिसलं. मग ती बाहेर आली आणि अंथरलेल्या कागदाच्या काठाने चालायला लागली. मान खाली, पावलं सावकाश. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. ती काय शोधतेय हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

“तिची रेघ नाही यात,” लिफ्टवाला हळूच म्हणाला.

“नाही,” वहिनी म्हणाली. “तिला येऊ दिलं नाही ना आम्ही.”

उंच ताई वळली आणि घरात गेली. मला वाटलं, संपलं. वहिनीचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

तेवढ्यात उंच ताई परत आली, आणि तिच्या हातात कात्री होती. लिफ्टवाला एकदम पुढे झाला. शेजारची बाई “अगं बाई!” म्हणून आत पळाली. पण उंच ताईने कात्रीची टोकं आपल्या मुठीत धरली होती. कड्यांची बाजू तिने वहिनीपुढे केली. दिली तिच्या हातात. मग कागदाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात कानांवर दाबले आणि डोळे मिटले.

रविवार संपला की बाई कापतात. तिला तेवढंच माहीत होतं. आम्ही तिला तेवढंच शिकवलं होतं.

समजावून काय सांगणार? आणि सांगितलं तरी तिने का ऐकावं? शेवटी वहिनीने आपली पर्स उघडली, कात्री आत टाकली आणि चेन ओढली. त्या चेनचा आवाज पॅसेजमध्ये चांगलाच मोठा आला. उंच ताईने डोळे उघडले. कागदाकडे बघितलं, पर्सकडे बघितलं. मग पुढे येऊन बोटाने चेन चाचपली, नीट बंद आहे का ते. आणि कागदाच्या कडेला खाली बसली. आम्ही निघेपर्यंत बसलेली होती. कागद तिथेच ठेवून आम्ही उतरलो.

आता ती रविवारी येते. लिफ्टवाला आत, दाराजवळ बसतो, जागा. तो आत असूनही ती त्याचा हात धरून निघत नाही. काही आईबापांनी मुलं पाठवणं बंद केलं ते बंदच आहे. वर्ग निम्मा राहिलाय. कागद अख्खा ठेवला की आईबाप तुलना करतात, आणि त्यावर वहिनीला अजून काही सुचलेलं नाही. त्यावरून आमची दोघींची रोज जुंपते. पोपट अधूनमधून समोरच्या फुटपाथवरून आईचा हात धरून जातो आणि इकडे बघून हात हलवतो.

उंच ताई आली की आधी ब्रशाला हात लावत नाही. आधी वहिनीची पर्स उघडते, त्यांच्या घरची ती कात्री आत आहे ना हे बघते, चेन लावते. मग काळा रंग घेते. मध्येच रेघ थांबवून पुन्हा उठून बघून येते. एखाद्या रविवारी तर बघण्यातच वेळ संपतो आणि रेघ अर्धीच राहते. अजून तिचा विश्वास बसलेला नाही. का बसावा? लिफ्टवाल्याने घरात नवी कात्री आणली. आणि वहिनी पर्स घरी विसरली, तर मला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवते.